राखणदार म्हणतो, काही सापडलं नाही

(सेनगाव, २००८चा उन्हाळा. बसस्टँडामागचं टायपिंगचं दुकान. मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आहे.)

करुणा : न्हाई भाऊ, पुन्हा पहिल्यापासून नका सुरू करू. "आमच्या कंपनीला फोन केल्याबद्दल धन्यवाद" हे कालपासून तिघांनी मला ऐकवलं. तुमी चौथे. तुमचं नाव सांगा आधी, म्हंजे भांडायला बरं पडंल.

निरंजन : मॅडम, मी निरंजन बोलतोय पुण्याहून. आणि भांडायची वेळ येणारच नाही. तुमची अडचण सांगा फक्त.

करुणा : तिघांनी लिहून घेतली की. कुठं ठेवली लिहून?

निरंजन : सिस्टिममध्ये दिसत नाहीये मॅडम.

करुणा : तुमालाबी दिसत न्हाई! चांगलं हाय. मंग ऐका. माझ्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. चार दिस टकटक करत व्हती, मंग गप झाली. हिंगोलीहून नवी आणली, बसवली. तुमचं ते 'राखणदार' सॉफ्टवेअर परत टाकलं. राखणदारानं ज्या बाहेरच्या डब्यात समद्या फायलींच्या प्रती करून ठेवल्या, तो डबा जोडला. आन् राखणदार म्हणतो, "परत आणण्यासारखं काही सापडलं नाही." डबा अर्ध्याच्या वर भरलेला दिसून राहिला, आन् ह्याला काही सापडत न्हाई! राखणीला माणूस ठेवावा, आन् त्यानंच म्हणावं, इथं पीक कवा व्हतं?

निरंजन : समजलं. ऑपरेटिंग सिस्टिम कोणती वापरता?

करुणा : लिनक्स.

निरंजन : कोणतं लिनक्स?

करुणा : आलं! सोमेश्वर, म्या म्हणलं व्हतं ना, ह्याच सवालावर गाडी अडकती.

सोमेश्वर : सांगून टाका ना वहिनी. लपवून काय होते.

निरंजन : तुमच्यासोबत कोण आहे?

सोमेश्वर : मी सोमेश्वर. बाजूलेच मोबाइल रिपेअरिंगचं दुकान हाय आपलं. फोन माझाच हाय साहेब, चायनाचा. आवाज लय मोठा, पार बसस्टँडापर्यंत जाते. तं जरा जपून बोला.

करुणा : 'अंगण' हाय. अंगण लिनक्स.

निरंजन : अंगण... अंगण... नाही मॅडम, आमच्या यादीत नाही. राखणदार दोनच प्रकारच्या लिनक्सवर चालतं. म्हणजे चालेल कदाचित, पण आमचा सपोर्ट नाही.

करुणा : तुमच्या खोक्यावर लिनक्सचा पेंग्विन काढलाय. हे बघा, हातात हाय माझ्या. खाली लिहिलंय, "लिनक्सवरही चालते". पेंग्विनाच्या खाली त्याची जात लिहिलेली न्हाई कुठं.

निरंजन : मागच्या बाजूला बारीक अक्षरात दिलंय मॅडम.

करुणा : मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. आमचं समदं तिथंच असतं भाऊ. नांदेडच्या प्रदर्शनात तुमच्या माणसानं हात जोडून विकलं. तवा न्हाई इचारलं, कोणतं लिनक्स, कुणाच्या घरचं. आता दारात आले तं इचारता, तुमी कोणाचे? मग म्हणता, तुमी उंबऱ्याच्या भायेर थांबा.

निरंजन : मॅडम, असं काही नाहीये. तुम्ही गैरसमज करून घेताय.

करुणा : समज पिढ्यान् पिढ्यांचा हाय, गैर कसा व्हईल?

सोमेश्वर : वहिनी, तो पोरगा पुण्यात बसलाय, त्याले कायले एवढं...

करुणा : तुमी थांबा. बोला निरंजनभाऊ, पुढं काय करू?

निरंजन : यादीतलं एखादं लिनक्स टाकून घ्या. मग पुन्हा फोन करा. तोपर्यंत ही तक्रार मला बंद करावी लागेल.

करुणा : दुसरं काहून टाकू? मी आठवी शिकले. आधी विंडोज व्हतं, कुणीतरी कॉपी मारून दिलेलं. आठ दिसाला व्हायरस. आन् समदं विंग्रजी. कुठं बोट ठेवावं ते कळंना. मंग एका मासिकासंगं ही सीडी फुकट आली. टाकली मीच, पुस्तकात वाचून वाचून. दोनदा इस्कटलं, तिसऱ्यांदा लागलं. समदं मराठीत! 'उघडा', 'जतन करा', 'नाव द्या'. कधी काही पुसायला गेलं तं इचारतं, "खरंच पुसायचं का?" कोणत्या मशिनीनं मला असं इचारलं व्हतं भाऊ? कोणत्या माणसानं इचारलं व्हतं?

निरंजन : पण अंगण आता बंद पडलंय मॅडम. मी आत्ता बघतोय, त्यांची वेबसाइटही नाही.

करुणा : ठावं हाय. कॉलेजातल्या पोरांनी केलं व्हतं. पोरं नोकरीला लागली, अंगणात गवत उगवलं. म्हणून मी झाडू मारायचं सोडू का?

निरंजन : मी तुमची अडचण समजू शकतो...

करुणा : हे बी कागदावर लिहिलेलं वाचून राहिले ना तुमी?

निरंजन : ...हो.

सोमेश्वर : पोरगा खरं बोलला वहिनी. तिघांत कोणी बोललं नव्हतं.

करुणा : मंग मीबी खरं सांगते. त्या डब्यात काय हाय, माहीत हाय का तुमाला?

निरंजन : तुमचा डेटा असेल. टायपिंगची कामं...

करुणा : टायपिंगचं गेलं तं जाऊ द्या, पुन्हा बडवीन. त्यात आवाज हाय. माझ्या मालकाचा. 'सोनाजी आणि पार्टी, पुसेगाव'. तुमी न्हाई ऐकलं, तुमचं वय न्हाई. भीमजयंती असो, नामकरण असो, पार जवळा बाजार, औंढ्यापर्यंत बोलावणं यायचं. हे गायचे, मी मागं बसून ओळ उचलायची. रेडिओवाल्यांनी न्हाई घेतलं कधी, कंपनीनं न्हाई काढलं. लोकांनी आपापल्या टेपवर भरलं, घरोघरी. लेकराच्या रडण्यासकट, कुत्र्यासकट.

निरंजन : मग त्या कॅसेट आहेत ना?

करुणा : व्हत्या. जीपा बदलत बदलत गोळा केल्या म्या, गोणीभर. बुरशी लागलेल्या. कापूस घिऊन पुसायच्या, वाऱ्यावर ठेवायच्या, आन् देवाला न मानता देवाचं नाव घ्यावं तसं करून टेपात घालायच्या. एकदाच वाजायच्या. वाजता वाजता संगणकात उतरवून घ्यायचं. मंग रिळाचा भुगा व्हायचा. काही बऱ्या व्हत्या त्या लोकांनी परत नेल्या. एकानं तं त्याच्यावर लेकीच्या हळदीची गाणी भरली.

सोमेश्वर : माझ्याच सासऱ्यानं साहेब. लाज वाटते मले.

निरंजन : मग... तुमच्या मिस्टरांना पुन्हा गायला सांगून रेकॉर्ड नाही का करता येणार? म्हणजे शेवटचा पर्याय म्हणून.

सोमेश्वर : अरे बाप्पा.

करुणा : ऐकलं का ओ? तुमाला गायला सांगून राहिले साहेब.

निरंजन : ते तिथेच आहेत का?

करुणा : इथंच हायत, खुर्चीवर. मघापासून फोनवर टकटक ऐकू येत असंल, ते त्यांचं. टेबल वाजवतात. एकदा म्हंजे व्हय, दोनदा म्हंजे न्हाई. दोन वर्सं झाली, गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटीच काढली.

निरंजन : सॉरी मॅडम. मला खरंच...

करुणा : तुमी काय कराल. डॉक्टरनं आदल्या दिवशी सांगितलं व्हतं, बोलायचं ते बोलून घ्या. पाव्हणे जमले, मी पदर तोंडात धरून बसले. सकाळी गाडीवरनं ऑपरेशनला आत नेताना ह्यांनी मला हात केला. मी जवळ गेले. काय म्हणले असतील?

निरंजन : काय?

करुणा : "दुकानाला कुलूप लावलं का?" आता सांगा. एवढी वर्सं गायले, आन् माझ्याजवळ मागं काय उरलं तं कुलूप. म्हणून मला तो डबा पाहिजे. तुमी लिहा, तक्रार बंद.

निरंजन : हॅलो... ताई, ऐका. तक्रार मी बंदच करतोय, कागदोपत्री. नियमच तसा आहे, आणि आमचे कॉल रेकॉर्ड होतात.

करुणा : तुमचं बोलणं रेकॉर्ड व्हतं?

निरंजन : हो.

करुणा : आन् ते हारवत न्हाई?

निरंजन : ...नाही ताई. ते नाही हरवत. तर तक्रार बंद केली, पण तुम्ही फोन नका ठेवू. राखणदार उघडलंय का? डाव्या बाजूला 'नोंदी' असं असेल, त्यावर दाबा.

करुणा : दाबलं. लय ओळी आल्या.

निरंजन : सगळ्यात वरची वाचा.

करुणा : "पुढील स्वच्छता, आज रात्री दोन वाजता. मुदत संपलेल्या प्रती पुसल्या जातील."

निरंजन : मुदत संपलेल्या? ताई, शेवटची प्रत कधी घेतली होती तुम्ही?

करुणा : मागच्याच बाजाराच्या दिवशी, बुधवारी. ते आपोआप रात्री घेतं म्हणतात, पण रात्री आमच्याकडं लाइट कुठं? म्या रोज हातानं बटन दाबून घेते, दुपारी.

निरंजन : मग मुदत संपायचं कारणच नाही. एक वर्ष राहतात प्रती, त्याआधीच्या जुन्या समजून बाजूला काढतं. तारीख काय दिसतेय त्या प्रतींवर?

करुणा : एक जानेवारी दोन हजार.

निरंजन : ती पहिली असेल. त्याच्या खालची?

करुणा : एक जानेवारी दोन हजार.

निरंजन : खालची?

करुणा : तेच हाय भाऊ. समद्यांवर तेच. एक जानेवारी, एक जानेवारी, एक जानेवारी.

निरंजन : असं कसं होईल? वर्षभराचं काम एकाच दिवशी?

सोमेश्वर : सांगू का साहेब? ती मशीन सदा एक जानेवारीलेच राहत होती. मी रोज सकाळी वहिनीले म्हणो, हॅपी न्यू इयर.

करुणा : आतला सेल गेला व्हता. तो रुपयावाणी असतो ना चपटा, तो. लाइट गेली की मशीन तारीख इसरायची, सुरू केलं की एक जानेवारी दोन हजार. लाइट तं रोजच जाती. पण कामाला काय तकलीफ न्हाई. तारीख भिंतीवर कॅलेंडरात हाय, अर्जावर हातानं टाकतो. सेनगावात बऱ्याच मशिनी अशाच हायत.

निरंजन : आणि आता? आता कोपऱ्यात कोणती तारीख दिसतेय?

करुणा : आता बराबर हाय, आजची. नवी डिस्क बसवली तवा सोमेश्वरनं सेलबी नवा टाकला.

सोमेश्वर : पैसेबी नाई घेतले साहेब. म्हटलं, एवढं उघडलंच हाय तं होऊन जाऊ दे.

निरंजन : अरे देवा.

सोमेश्वर : काय झालं?

निरंजन : म्हणजे परवापर्यंत तुमच्या संगणकात दोन हजार साल होतं. सगळ्या प्रतींवर तीच तारीख पडली. सेल बदलला आणि एका क्षणात दोन हजार आठ आलं. राखणदाराला वाटलं, हे सगळं आठ वर्षांपूर्वीचं. म्हणून दाखवत नाहीये. प्रती आहेत ताई! सगळ्या आहेत. फक्त त्याच्या हिशेबात कालबाह्य झाल्यात.

करुणा : मागच्या बुधवारच्या प्रती कालबाह्य?

सोमेश्वर : म्हंजे माझ्या सेलानं घोळ केला? वहिनी, मी तं चांगल्यासाठी...

करुणा : तुमाला कोण बोललं? मीच बाजूला उभी राहून म्हणले, टाका.

निरंजन : ताई, एक मिनिट. हे फार महत्त्वाचं आहे. काल रात्री संगणक चालू होता का?

करुणा : तुमच्याच दुसऱ्या नंबरच्या माणसानं सांगितलं व्हतं. रात्रभर चालू ठेवा, आपोआप सापडंल. ठेवला.

निरंजन : रात्रभर?

करुणा : कुठलं रात्रभर! दहाला लाइट गेली ती उजाडताना आली. म्या लाइटवाल्यांचा असा उद्धार केला, असा उद्धार केला की हे टेबल वाजवून वाजवून मला गप करत व्हते.

निरंजन : ताई... चालू राहिला असता ना, तर दोन वाजता सगळं पुसून टाकलं असतं.

सोमेश्वर : आयला.

करुणा : ...समदं?

निरंजन : सगळं. आणि ते परत आणता आलं नसतं.

करुणा : न इचारता?

निरंजन : राखणदार विचारत नाही. तशी सोयच नाही त्यात.

करुणा : सोय न्हाई. मंग तुमच्यासारखी चोवीस तास लाइट असती, तं तुमच्या माणसाचं ऐकून आज माझ्याजवळ धुतलेला डबा राहिला असता. सकाळी त्याच माणसानं सांगितलं असतं, मॅडम, अंगणला सपोर्ट न्हाई. व्हय का न्हाई?

निरंजन : हो.

करुणा : त्याचंबी बोलणं रेकॉर्ड झालं असंल. त्याला आयकवा एकदा.

निरंजन : मी स्वतः सांगतो त्याला. आता आधी ती स्वच्छता बंद करू. 'नोंदी'च्या खाली 'मुदत' आहे. तिथली खूण काढा.

करुणा : काढली. ओ, कुठं निघाले? उन्हाचं कुठं निघाले? बसा.

निरंजन : काय झालं?

करुणा : उठून दारात गेले. दोनदा वाजवून गेले. कालपासून हेच चाललंय. राहू दे, गेलं तं गेलं. नवरा म्हणतो राहू दे, कंपनी म्हणती राहू द्या. मीच एक येडी. अव्हो, हिकडं बघा! तुमचा आवाज काय तुमच्या एकट्याचा व्हता का? पुसेगावात बायका लेकरं झोळीत घालून यायच्या. चुली इझवून यायच्या. माझा बाप तुमचं गाणं आयकून म्हणला, पोरगी ह्याच घरात द्यायची, शेत नसलं तं नसलं. मला इचारलंबी न्हाई. मंग? माझं लगीन लागलं त्या आवाजासंगं! तुमी नंतर आले.

सोमेश्वर : वहिनी...

करुणा : काय? काय हात करून राहिले? आयकून काय करायचं? आयकून काय करायचं असतं आणखी! आयकायचं! तुमाला नको आयकायला तं कान झाका. मला तकलीफ व्हती आयकताना, तुमालाच व्हती असं न्हाई. पण ती माझी मी घेईन. तुमी काहून ठरवता?

निरंजन : ताई, मी थांबतो. तुम्ही सावकाश...

करुणा : न्हाई, तुमी बोला. आमचं हे नेहमीचं हाय. पयले ते वरच्या पट्टीत भांडायचे, आता मला दोघांचं भांडावं लागतं.

निरंजन : आता संगणकाची तारीख मागे न्यायची. कोपऱ्यातल्या घड्याळावर दाबा. दोन जानेवारी दोन हजार करा.

करुणा : मागं न्यायची?

निरंजन : हो. म्हणजे राखणदाराला वाटेल, प्रती कालच्याच आहेत.

करुणा : दोन हजार साली आमी कळमनुरीला व्हतो ह्याच तारखेला. नव्या विहाराचं उद्घाटन. थंडी अशी की पेटीवाल्याची बोटं चालंनात. हे मफलर सोडून गायले.

सोमेश्वर : वहिनी, तारीख.

करुणा : व्हय. दोन... जानेवारी... दोन हजार. झालं.

निरंजन : राखणदार बंद करून पुन्हा उघडा.

करुणा : उघडून राहिलं. गोल गोल फिरून राहिलं.

निरंजन : वेळ लागेल थोडा.

करुणा : लागू द्या.

निरंजन : ताई? काही दिसतंय का?

सोमेश्वर : साहेब, मी बोलतो. वहिनी पडद्यावर बोट ठेवून वाचून राहिल्या. आल्या साहेब! ओळीनं आल्या! पुसेगाव, जवळा बाजार, गोरेगाव, पुसेगाव दुसरी बाजू... संपूनच नाई राहिल्या. माझ्या सासऱ्याचंबी गाव हाय यात!

निरंजन : सगळ्या निवडा आणि 'परत आणा' दाबा. आणि ताईंना सांगा, आज संध्याकाळपर्यंत आणखी एका ठिकाणी प्रत करा. सीडी असतील तर सीडीवर. राखणदाराच्या भरवशावर नका राहू.

सोमेश्वर : कंपनीचा माणूस असं सांगते?

निरंजन : हे माझं मी सांगतोय. रेकॉर्ड झालं तर झालं.

करुणा : ऐकलं भाऊ मी. हाय मी इथंच. डोळ्यात काहीतरी गेलं.

निरंजन : पहिली फाइल आली का?

करुणा : आली. मंग दुसरी आली.

निरंजन : एक वाजवून बघा ताई. वाजतेय हे कळल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.

करुणा : कोणती वाजवू? इतक्यातली कोणती... अव्हो, आता तरी आत या. कोणती लावू सांगा. जवळा बाजार? न्हाई? मंग पुसेगाव? हेबी न्हाई? मंग काय, सोमेश्वरच्या सासऱ्याची?

सोमेश्वर : वहिनी, सरका जरा. दादा खुर्ची मागून राहिले.

करुणा : अगं बाई. आजपावतर कधी हात लावला नव्हता मशिनीला.

निरंजन : काय झालं ताई? वाजलं का?

करुणा : माउस घेतला त्यांनी माझ्या हातातून. खाली नेऊन राहिले. आणखी खाली... कळमनुरीवर थांबले. दाबलं.

निरंजन : मला काही ऐकू येत नाहीये.

करुणा : येईल. आधी माणसं खोकतात, पेटीवाला सूर शोधतो, कुणीतरी बाईला म्हणतं सतरंजीवर सरक... भाऊ, आता ठेवते मी फोन. सुरुवातीला कुणी बोललेलं ह्यांना चालत न्हाई.